क्रेपचा कुर्ता शिवताना: कापड आटवण्यापासून घेर दुमडेपर्यंतचा क्रम

महालक्ष्म्या जवळ आल्या की माझ्या शिवणवर्गात दुरुस्तीचे क्रेपचे कुर्ते यायला लागतात. एखादा पहिल्याच धुण्यात चार बोटं आखूड झालेला असतो, एखाद्याचा घेर शिवला तेव्हा सरळ होता आणि आठवड्याभरात बाजूंनी लोंबलेला असतो, एखाद्याच्या गळ्याला झोळ पडलेला असतो. शिवणाऱ्यांचा हात वाईट नसतो, टीप सरळ असते. पण आपल्या इंदूरच्या बायकांचा हात सुती कापडावर आणि महेश्वरीवर बसलेला आहे. ते कापड अंथरलं की अंथरलेलं राहतं, खडूची रेघ मारली की तिथेच राहते. क्रेपला तीनदा थांबावं लागतं: पाण्यातून काढल्यावर, कापण्याआधी अंथरून आणि घेर दुमडण्याआधी टांगून. घाईत नेमके हेच तीन थांबे गाळले जातात.

कारण एकदा स्वतः बघून घ्या. क्रेपच्या कापलेल्या कडेतून एक आडवा धागा सुईच्या टोकाने सोडवा, दोन्ही टोकं चिमटीत धरून ताणा आणि मग हात हळूहळू जवळ आणा. सुती धागा नुसता सैल पडेल. खरा क्रेपचा धागा जागच्या जागी स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि त्याच्या बारीक गाठी होतात. विणण्याआधीच त्याला प्रचंड पीळ दिलेला असतो. बहुतेक क्रेपमध्ये उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून घातलेले असतात. पाणी लागलं की ते आपापल्या दिशेला आखडतात. कापडाचा रवाळपणा त्यातूनच येतो, आणि आटणंही त्यातूनच. कुर्ता शिवण्याआधी हे आखडणं पूर्ण होऊ द्यायचं, एवढ्यावर पुढचं सगळं उभं आहे.

खालचा क्रम साध्या ए-लाइन कुर्त्यासाठी दिला आहे: पूर्ण बाही, गोल गळा, 44 इंच पन्ह्याचं कापड. उरेब (धाग्याला तिरक्या) घेराच्या म्हणजे अंब्रेला कुर्त्यासाठी जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

1. दुकानात: कुठला क्रेप आणि किती

सीतलामाता बाजारात किंवा राजवाड्याच्या आसपास "क्रेप दाखवा" म्हटलं की समोर पाच प्रकारचे थान येतात आणि पाचही वेगळे वागतात. अमेरिकन क्रेप आणि मॉस क्रेप या नावाने जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर असतं. ते पाण्यात फारसं आटत नाही, पण गरम इस्त्रीने चमकतं आणि आखडतं. व्हिस्कोस क्रेप हाताला थंड आणि जड लागतो, अंगावर सुंदर पडतो, आणि सगळ्यांत जास्त आटतो. रेशमी क्रेप, म्हणजे मैसूर क्रेप आणि क्रेप द शीन, महाग असतो आणि पाण्याचे डाग धरतो. सॅटिन बॅक क्रेपला एक बाजू रवाळ आणि एक चकचकीत असते. जॉर्जेटही याच घराण्यातला आहे. त्यात उभा आणि आडवा असे दोन्ही धागे पिळाचे असतात, म्हणून तो आणखी उड्या मारतो.

पहिल्यांदा शिवत असाल तर मध्यम वजनाचा मॉस क्रेप घ्या. पातळ जॉर्जेटवर हात शिकायला जाऊ नका, आणि रेशमी क्रेप तर पहिल्या वेळेला अजिबात नको.

कापड दाराशी उजेडात न्या. एक कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडा. चांगला क्रेप लगेच मोकळा होतो. मग दोन्ही अंगठ्यांनी धागे बाजूला सरकवून बघा. फट पडून तशीच राहिली तर विण सैल आहे आणि ते कापड मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, शिलाईत उसवणार, ते ठेवून द्या.

सुती कापडाला दुकानदार काठाला छोटा काप देऊन टर्रकन फाडतो. क्रेप फाडू देऊ नका. फाडताना काठाजवळचे धागे ओढले जातात, दोन-तीन इंचांपर्यंत सुरकुत्या पडतात आणि तेवढा भाग वाया जातो. आधीच सांगून ठेवा, "भैया, फाड़ना मत, कैंची से काट देना." तेही ते सहसा तिरकं कापतात, म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन इंच कमी धरून हिशेब करा.

या कुर्त्याला अडीच मीटर लागतं. पॉलिएस्टर क्रेप असेल तर 2.6 मीटर पुरे. व्हिस्कोस किंवा रेशमी असेल तर 2.9 मीटर घ्या, कारण व्हिस्कोस क्रेप शंभरात दहापर्यंत आटू शकतो. अस्तराचं कापडही त्याच वेळी घ्या, दोन्ही एकत्र पाण्यातून काढायची आहेत.

2. घरी: काडी लावून बघणं

थानावरच्या नावावर विसंबू नका. दोन-तीन इंच धागे काढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर, सिंकजवळ, काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख चुरगळली तर रेशीम. कागदासारखं भुरकन जळून हलकी करडी राख उरली तर व्हिस्कोस. वितळून टोकाला कडक काळा मणी तयार झाला तर पॉलिएस्टर. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळा, कारण मिश्र कापडात ते निरनिराळे निघतात.

जपा: पॉलिएस्टरचा वितळलेला थेंब बोटाला चिकटतो. धागे हातात धरून जाळू नका, आणि बाकीचं कापड त्या खोलीतसुद्धा ठेवू नका.

3. आटवणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो. गाळला नाही तरी अर्धवट केला जातो: बादलीत बुडवायचं, दोरीवर टाकायचं, वाळलं की कापायला घ्यायचं. या पद्धतीत कापड आटल्यासारखं वाटतं, पण पुरतं आटलेलं नसतं.

आधी रंग तपासा. एका कोपऱ्यावर पांढरा ओला रुमाल ठेवून दाबा. रुमालाला रंग लागला तर ते कापड एकटंच भिजवा, अस्तराबरोबर नाही.

मग कापडाच्या एका टोकाला, काठापासून थोडं आत, उभ्या-आडव्या धाग्याला धरून बरोब्बर 10 इंचांचा चौकोन आखा. खडूने नको, पाण्यात जाईल. विरुद्ध रंगाच्या दोऱ्याने चार कोपऱ्यांना सैल टाके घाला. हा चौकोन तुम्हाला खरं काय ते सांगेल. कापलेल्या दोन्ही कडांना मोठ्या टाक्यांची झिगझॅग किंवा साधी हातशिलाई घालून ठेवा, नाहीतर धुताना धागे सुटून गुंता होतो.

पुढचं कापडाप्रमाणे:

*व्हिस्कोस क्रेप.* साध्या पाण्यात अर्धा तास. ओला व्हिस्कोस कोरड्याच्या साधारण निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून पिळायचा नाही, उचलतानाही एका टोकाला धरून उचलायचा नाही. दोन्ही हातांवर घेऊन मोठ्या टॉवेलवर ठेवा, टॉवेलची गुंडाळी करा, दाबा. मग जमिनीवर किंवा बाजेवर चादर टाकून आडवा वाळवा. दोरीवर टाकला की पाण्याचं वजन कापडाला लांबीत ओढतं, ते तसंच वाळतं, आणि ती खोटी लांबी पुढच्या धुण्यात परत जाते. तुमचा कुर्ता आखूड होतो तो इथेच.

*पॉलिएस्टर क्रेप.* साध्या पाण्यात अर्धा तास, सावलीत वाळवा. याचं खरं आटणं इस्त्रीच्या उष्णतेत असतं, म्हणून वाळल्यावर पूर्ण कापडावर, एकही जागा न सोडता, वर सुती कापड ठेवून वाफेची इस्त्री फिरवा. नंतर बुक्रम (गळ्याला ताठपणा देणारं आतलं कापड) चिकटवताना फक्त गळ्याभोवतीचा भाग आखडतो आणि बाकीचा नाही, अशी तक्रार असते. हा टप्पा केला तर ती उरत नाही.

*रेशमी क्रेप.* कुर्ता कायम ड्रायक्लीनच करणार असाल तर पाण्यात घालू नका, मागच्या बाजूने सगळीकडे वाफ द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. घरी धुणार असाल तर आताच गार पाण्यात रिठ्याच्या पाण्याचे चार चमचे घालून पाच मिनिटं बुडवा आणि दोनदा साध्या पाण्यातून काढा. शक्यतो नर्मदेचं नळाचं पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका धरतो आणि रेशमाची झळाळी मंदावते. पूर्ण कापड एकदम बुडवायचं. अर्धं ओलं, अर्धं कोरडं झालं की पाण्याची रेघ उठते.

अस्तर सुती असेल तर ते रात्रभर पाण्यात ठेवा. क्रेप न आटता अस्तर आटलं की कुर्ता आतून ओढला जातो आणि बाहेरून फुगे येतात.

तपासा: कापड वाळलं की तो चौकोन मोजा. 10 चे सव्वानऊ झाले असतील तर साडेसात टक्के गेलं, ठीक आहे. आता पुन्हा भिजवा, पुन्हा आडवं वाळवा, पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही सव्वानऊच भरले तरच पुढे जा. आणखी कमी झालं तर तिसरी खेप. मे महिन्यात आपल्याकडे दोन्ही खेपा एका दिवसात होतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरा. आतून दमट असलेलं कापड मोजून काही उपयोग नाही.

4. इस्त्री: ढकलायची नाही, ठेवायची

ओलसर क्रेपवर इस्त्री ओढत नेली की कापड लांबतं, आणि नुकतंच आटवलेलं सगळं परत येतं. म्हणून कापड पुरतं वाळू द्या, उलट्या बाजूने करा, वर पातळ सुती कापड ठेवा, आणि इस्त्री उचलून ठेवत-उचलून ठेवत पुढे जा. पॉलिएस्टर आणि रेशमाला डायल रेशमाच्या खुणेवर, व्हिस्कोसला किंचित वर. आधी कोपऱ्यावर बघा. रवाळपणा दबून कापड गुळगुळीत, चमकदार दिसायला लागलं तर उष्णता जास्त आहे. पॉलिएस्टरवर आलेली ती चमक परत जात नाही.

इस्त्री झाली की कापडाची घडी करू नका. नळीवर गुंडाळा, नाहीतर पलंगावर पसरून रात्रभर तसंच ठेवा.

5. अंथरणं आणि कापणं

पंखा बंद करा. उन्हाळ्यात नकोसं वाटतं, तरी बंद करा. छताच्या पंख्याच्या वाऱ्याने क्रेपची कड इंचभर सरकते आणि खाली वाकून कापणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. हात घामेजले असतील तर पुसून घ्या.

फरशीवर थेट अंथरू नका. खाली जुनी सुती चादर, तीवर खाकी कागद, त्यावर क्रेप. वर्तमानपत्र नको, शाई लागते. चादर आणि कागद क्रेपला धरून ठेवतात. काठ कागदाच्या सरळ कडेला लावून घ्या आणि आडवा धागा काटकोनात येतो का ते बघा. येत नसेल तर तिरक्या दिशेने दोघींनी हलके ओढून सरळ करा. अंथरल्यावर किमान तासभर हात लावू नका. अंथरताना ओढला गेलेला भाग या वेळात आपला आपण परत जागेवर येतो.

सगळ्यांना सवय असते ती कापड दुमडून दोन थर एकदम कापायची. क्रेपमध्ये खालचा थर सरकतो आणि पुढचा उजवा भाग डाव्याहून लहान निघतो. एकाच थरात कापा. त्यासाठी कागदी नमुना अर्धा नको, पूर्ण हवा: पूर्ण पाठ, पूर्ण पुढा, दोन्ही बाह्या वेगवेगळ्या, डावी-उजवी लिहून. कागद जास्त लागतो, पण मांडणी डोळ्यांसमोर राहते आणि कापडही थोडं वाचतं.

सगळे भाग एकाच दिशेने मांडा, गळा एका बाजूला आणि घेर एका बाजूला. सॅटिन बॅक क्रेपमध्ये एक भाग उलटा ठेवला तर लग्नाच्या हॉलच्या दिव्याखाली तो वेगळ्या रंगाचा दिसतो.

टाचण्या कमी आणि फक्त मायेच्या, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेल्या, जागेत लावा, बारीक काचेच्या डोक्याच्या. बाकी ठिकाणी वजनं ठेवा. स्वयंपाकघरातल्या डाळीच्या भरलेल्या बरण्या चालतात. माया सुती कपड्याला अर्धा इंच सोडता ती इथे पाच सूत सोडा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). घेराला दोन इंच, उरेब घेराला तीन.

कात्री लांब पात्याची आणि नुकती धार लावलेली हवी. खालचं पातं कागदाला टेकलेलं ठेवून कागदासकट कापा, कापड वर उचलू नका. खाकी कागदाने धार जाते, म्हणून ही कात्री नंतर परत धार लावायला द्यावी लागेल. क्रेपसाठी ते करावं. बोथट कात्रीने कड चावल्यासारखी निघते.

खुणांसाठी मेणाचा खडू वापरू नका, इस्त्रीत तो वितळून डाग राहतो. साधा खडू किंवा दोऱ्याचे सैल टाके. जोडखुणेसाठी मायेत काप देण्याऐवजी बाहेरच्या बाजूला छोटा त्रिकोण ठेवा, सुटणाऱ्या कडेत काप खोल जातो.

*कापड फारच निसटत असेल तर:* पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस क्रेपला कापण्याआधी साबुदाण्याची पातळ खळ द्या. दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत शिजवा, गाळा, गार करा, कापड बुडवून आडवं वाळवा. ते कागदासारखं वागायला लागतं. कुर्ता शिवून झाला की धुऊन टाका, खळ निघून जाते. रेशमाला हे करू नका.

तपासा: कापलेला पुढा परत नमुन्यावर ठेवा. कुठे एका सुतापेक्षा जास्त फरक दिसला तर शिवण्याआधीच छाटा. आणि कापलेले भाग दोरीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकू नका, सपाट ठेवा.

6. गळा आणि मुंढा लगेच बांधून घेणं

कापून झालं की त्याच बैठकीत गळ्याला आणि मुंढ्याला कडेपासून तीन सुतांवर एक साधी टीप घाला. खांद्यापासून मध्यापर्यंत एक, दुसऱ्या खांद्यापासून मध्यापर्यंत दुसरी. एका खांद्यावरून सुरू करून सलग दुसऱ्या खांद्यापर्यंत गेलात तर गळा एका बाजूला ओढला जातो. उद्या घालू म्हणून ठेवलं की रात्रीतून गळा अर्धा इंच मोठा होतो. झोळ पडलेल्या गळ्यांपैकी बरेचसे इथले असतात.

गळ्याच्या पट्टीला चिकटवायचा बुक्रम घालायचा असेल तर आधी तुकड्यावर चिकटवून, गार करून, धुऊन बघा. फुगे आले तर चिकटवू नका. त्याऐवजी पातळ ऑर्गंझाची पट्टी आतून हाताने टाचून घ्या. रेशमी क्रेपला मी ऑर्गंझाच देते.

खांद्याच्या शिलाईत अस्तराच्या काठाची अरुंद पट्टी घाला. काठ ताणत नाही, त्यामुळे खांदा हातावर उतरत नाही.

7. मशीन

घरच्या मशीनला बहुधा 16 नंबरची सुई असते. ती काढा आणि नवी 11 नंबरची लावा, पातळ जॉर्जेटला 9. सुई जुनी असेल तर टिपेच्या बाजूने आडवे धागे ओढले जातात आणि सरळ रेघा उठतात, त्या इस्त्रीने जात नाहीत. टाका 2 ते 2.5 मिलिमीटर. दोरा बारीक. वरचा ताण नेहमीपेक्षा थोडा कमी.

तुकड्यावर तीन टिपा घालून बघा: उभ्या धाग्यावर, आडव्या धाग्यावर आणि उरेब. उभ्यावर चांगली आलेली टीप उरेबवर चुणते. तिन्ही ठिकाणी सपाट आली की मग कुर्ता हातात घ्या. सुरुवातीला कापड खाली ओढलं जात असेल तर टिपेखाली पातळ कागदाची पट्टी ठेवा, नंतर फाडून टाका. मागेपुढे करून टीप पक्की करू नका. दोऱ्याची टोकं लांब सोडून हाताने गाठ मारा.

8. शिवण्याचा क्रम

आधी टक्स (अंगाला बसण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चिमट्या), मग खांदे, मग गळा, मग बाजू, शेवटी बाही. घेराला या टप्प्यावर हात लावायचा नाही.

प्रत्येक शिलाईआधी हाताने कच्चा दोरा घाला. टाचण्यांवर शिवलं की दोन टाचण्यांच्या मधला वरचा थर पुढे सरकतो आणि खाली एक भाग लांब उरतो. कच्च्या दोऱ्याला दहा मिनिटं लागतात, उसवायला अर्धा तास, आणि उसवलेल्या क्रेपवर सुईची भोकं राहतात.

बाजूंना फ्रेंच शिलाई करा. कापडाची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून कडेपासून दोन सुतांवर पहिली टीप. माया छाटून एक सूत ठेवा. इस्त्री करा, उलटवा, सरळ बाजू समोरासमोर आणा, पुन्हा इस्त्री, आणि तीन सुतांवर दुसरी टीप. दोन आणि तीन मिळून आपली पाच सुतांची माया संपते. सुटे धागे आत बंद होतात. छाटायचा कंटाळा केला तर धागे बाहेरच्या शिलाईतून मिशांसारखे डोकावतात. मुंढ्याच्या वळणावर ही शिलाई जाड होते, तिथे साधी शिलाई घालून इंटरलॉक करा किंवा उरेब पट्टीने बांधा.

टीप घालताना कापड मागून ओढू नका. दोन्ही हातांनी फक्त दिशा द्या.

अस्तर खांदा, गळा आणि मुंढा इथेच जोडा. खाली ते मोकळं राहू द्या, आणि कुर्त्यापेक्षा इंचभर वर ठेवा. दोघांचा घेर एकत्र शिवला तर दोन कापडं वेगवेगळी लोंबतात आणि खालून पिशवी तयार होते.

9. टांगून ठेवणं

आता कुर्ता रुंद खांद्याच्या हँगरवर, सगळी बटणं किंवा चेन लावून, मोकळ्या जागी टांगा. ए-लाइनला एक पूर्ण दिवस आणि रात्र. अंब्रेला घेराला दोन. कपाटात कोंबून टांगलेला चालत नाही, घेर मोकळा पडला पाहिजे.

ए-लाइनच्या बाजू आणि अंब्रेलाचे काही भाग उरेब येतात. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, सरळ धाग्यावरचा भाग उतरत नाही. म्हणून मध्यभागी घेर जागेवर आणि दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच खाली, असं दिसेल. जड व्हिस्कोस क्रेपच्या अंब्रेलात हा फरक याहूनही मोठा असतो. दिसला म्हणजे घाबरायचं नाही, तो दिसावा म्हणूनच टांगलं आहे. न टांगता दुमडलेला घेर हेच करतो, फक्त लग्नात, अंगावर.

10. घेर मोजणं आणि दुमडणं

घेर टेबलावर मोजू नका. जी घालणार आहे तिला कुर्ता घालून, त्यावर वापरायच्या चपला किंवा सँडल घालून सरळ उभी करा. लाकडी फूटपट्टी जमिनीवर उभी धरा आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर गोल फिरत दर दोन-तीन इंचांवर टाचणी लावा. तिने वळायचं नाही, तुम्ही फिरायचं. ती खाली बघायला वाकली की मागची बाजू वर जाते, म्हणून समोर बघायला सांगा.

टाचण्यांच्या रेघेखाली तीन सूत सोडून बाकीचं छाटा. उरेब घेराला अरुंद दुमड लागते: दीड सुतावर एक टीप, तिच्या कडेवर दुमडून इस्त्री, मग परत दुमडून दुसरी टीप. रुंद दुमड गोल घेरावर पीळ खाते. सरळ, जड क्रेपच्या घेराला मात्र इंचभर दुमड चांगली दिसते. त्यासाठी तीन सुतांऐवजी इंच-सव्वा इंच कापड सोडा, आणि ती हातानेच तुरपा. सुई कापडाचे एक-दोनच धागे उचलते आणि दोरा सैल राहतो, असा टाका हवा. ताणलेली तुरपाई बाहेरून ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसते.

तपासा: तुरपून झाल्यावर कुर्ता परत घालून बघा. ती पायऱ्या चढते तसा एक पाय उचलायला सांगा. कुठे ओढ बसत असेल तर तेवढेच टाके सोडून परत घाला.

11. शेवटची इस्त्री आणि पुढची जपणूक

मायेच्या आणि दुमडीच्या कडेखाली खाकी कागदाची पट्टी सरकवून इस्त्री करा, नाहीतर मायेचा ठसा बाहेर उठतो. धुताना कापड ज्या पद्धतीने आटवलं तीच पद्धत कायम ठेवा. गार पाण्यात आटवलेला कुर्ता मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला तर तो आणखी आटेल. अंब्रेला कुर्ता कपाटात टांगून ठेवू नका, घडी घाला.

क्रेप साडीला फॉल लावताना

हे विचारलं जातं म्हणून इथेच. सुती फॉल न भिजवता पॉलिएस्टर क्रेपच्या साडीला लावला की पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि निऱ्यांचा खालचा काठ चुणतो. फॉल रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग लावा. साडी जमिनीवर सपाट ठेवून फॉल तिच्यावर ठेवा, हातात धरून लावू नका. फॉल ताणायचा नाही, उलट हातभर अंतरात एखादं सूत ढिला सोडायचा. मशीनने फॉल लावून देणारे वेळ वाचवतात, पण क्रेपला हाताचाच टाका द्या.

कुर्ता आधीच आटला असेल तर

पॉलिएस्टर इस्त्रीने आखडला असेल तर तो परत येत नाही. व्हिस्कोस आणि रेशमात थोडी सोय आहे. कुर्ता ओलसर करा, उलटा करून चादरीवर पसरा, खालचा घेर आणि खांदा दोन्हीकडून दोघींनी हलके धरा आणि सुती कापडावरून इस्त्री ठेवत-उचलत न्या. काही लांबी परत मिळते, पण ती पुढच्या धुण्यात पुन्हा जाते, म्हणून दर वेळी असंच करावं लागेल. कायमचा उपाय हवा असेल तर घेराची दुमड उसवून आतली माया खाली सोडा. ती पुरत नसेल तर खाली वेगळ्या रंगाच्या क्रेपची तीन-चार इंचांची पट्टी जोडा, आणि त्याच पट्टीचा तुकडा बाहीच्या टोकालाही लावा, म्हणजे जोड ठरवून केल्यासारखा दिसतो. पट्टीचं कापड जोडण्याआधी दोनदा भिजवून, चौकोन मोजून घ्या.